एक ओळ चिकटवली की साइट सुगम्य होत नाही

साइट सुगम्य करण्याबद्दल, म्हणजे ती कुणालाही वापरता येईल अशी बनवण्याबद्दल (इंग्रजीत ॲक्सेसिबिलिटी), डेव्हलपरांच्या गटांमध्ये एक सल्ला फिरत असतो. शब्द बदलतात, मथितार्थ तोच: 'ॲक्सेसिबिलिटी म्हणजे अंधांसाठीची सोय. आपल्या क्लायंटकडे असं गिऱ्हाईक कितीसं येतं? कुणी मागितलीच, तर एका ओळीची स्क्रिप्ट टाका, लाइटहाऊस या गूगलच्या तपासणी-साधनाचे १०० गुण दाखवा आणि बिल पाठवा. मराठी साइटला तर यातलं काही लागूच होत नाही.'

आधी 'कितीसं' बघू. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. हा आकडा बाजूला ठेवला तरी उन्हात उभं राहून मोबाइलवर फिकट अक्षरं वाचणारा माणूस उरतोच. पांढऱ्यावर राखाडी मजकूर हा डिझायनरांचा लाडका प्रकार. कोडमध्ये ९९९ लिहून येणारा राखाडी पांढऱ्यावर साधारण २.८ पट कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, देतो. साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, किमान ४.५ पट मागतात. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. २०२४ साली त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर दोष सापडले आणि पहिला नंबर याच फिकट अक्षरांचा होता. माझ्या वडिलांना मोतीबिंदू झाला, तेव्हा मीच बनवलेल्या एका फॉर्मवरचा 'पुढे जा' त्यांना दिसेना. त्यांना अंध कुणी म्हणणार नाही.

आता ती जादूची ओळ. ओव्हरले म्हणतात तिला. कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारली की अक्षरं मोठी करा, रंग उलटे करा, असा मेनू उघडतो. पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतो आणि ब्राउझरला झूमही असतंच. त्याला हवं असतं ते पानाच्या पोटात: बटण हे खरंच बटण असणं, रकान्याला लेबल असणं, चित्राला वर्णन असणं. डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगला, क्लिक लावून केलेलं 'बटण' टॅब दाबून सापडतच नाही. ओव्हरले बाहेरून अंदाज बांधतं. चित्रात काय आहे हे त्याने ओळखलं, तरी ते चित्र तिथे कशासाठी आहे हे त्याला कुठून कळणार? याच व्यवसायातल्या ॲक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५मध्ये कारवाई जाहीर केली आणि १० लाख डॉलर भरायला सांगितले. आमचं साधन कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीत बसवतं, हा त्यांचा दावा आयोगाला दिशाभूल करणारा वाटला. आपल्याकडे तोच दावा अजून कोटेशनमध्ये मिरवतोय.

लाइटहाऊसच्या गुणांबद्दल फार लिहीत नाही. साधन चांगलं आहे, मीही रोज चालवतो. वेव्ह आणि ॲक्स ही तशीच दुसरी साधनंसुद्धा. पण ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१७मध्ये मुद्दाम अडथळ्यांनी भरलेलं एक पान बनवून अशी साधनं त्यावर सोडली, तेव्हा सगळ्यांत चांगल्या साधनालाही निम्मेसुद्धा अडथळे सापडले नाहीत. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्र सांगतं. तिथे 'आयएमजी २०४५' लिहिलं असलं, तरी ते खूश.

सगळ्यांत चुकीचं वाक्य शेवटचं. मराठीला लागू नाही म्हणे! उलट आपल्याकडे जास्तीची दुखणी आहेत. जुनी मराठी पानं क्रुतिदेवसारख्या, युनिकोड ही आजची अक्षर-संकेतपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेली असायची. त्यांत डोळ्यांना 'मराठी' दिसतं, पण खाली साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं. स्क्रीन रीडर तीच वाचायला जातो आणि गूगललाही तो शब्द सापडत नाही. दुसरं दुखणं म्हणजे नोटीस टाइप करून तिचा फोटो अपलोड करणं. शाळा, पतसंस्था, सोसायट्या, सगळीकडे हेच.

तिसरं कुणाच्या लक्षातच येत नाही. टेम्पलेट उचललेलं असतं, त्यामुळे एचटीएमएलच्या लँगमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या नोंदीत, इंग्रजी तसंच राहतं. मग ऐकणाऱ्याच्या स्क्रीन रीडरमध्ये कुठला आवाज आहे त्यानुसार मराठी मजकूर कधी हिंदी वळणाने वाचला जातो, कधी चक्क गाळला जातो. 'चूल'मधला च हिंदी आवाजात ऐकून बघा. लँगमध्ये मराठीचा 'एमआर' हा संकेत घालायला दहा सेकंदं लागतात. डोळस वाचकालाही फायदा: फॉन्टमध्ये सोय असेल, तर ल आणि श हिंदी धाटणीचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात.

'कोण विचारतंय' हेही त्या सल्ल्यात गृहीत धरलेलं असतं. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६चं कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही सुगम्यतेच्या नियमांत आणतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं, होतं: कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडायला सांगणारी पायरी ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांनी आणि अंध व्यक्तींनी पार करायची कशी? ती पायरी आखणाऱ्यानेही 'असं गिऱ्हाईक कितीसं' हाच हिशेब केला असणार.

खर्चाचं गाऱ्हाणं मात्र अर्धं खरं आहे. झालेली साइट सुधारायला खर्च येतो, कारण तेव्हा प्रत्येक डिव्ह उपसावा लागतो. सुरुवातीपासून नीट टॅग वापरले, तर वेगळं बिल लावण्याइतकं काम नसतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. क्लायंटला साइट दाखवण्याआधी माउस काढून ठेवा, एनव्हीडीए सुरू करा, मॉनिटर बंद करा आणि स्वतःचाच संपर्क फॉर्म भरून पाठवा. मला पहिल्यांदा 'पाठवा' हे बटण सापडायला अकरा मिनिटं लागली होती, आणि ते कुठे आहे हे मला माहीत होतं.