सी. डिफचं नाव बदललं, जंतू तोच आहे

कालपासून आधी कोलशेतच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग वाशीच्या मावशीकडून एकच फॉरवर्ड येतंय. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्याच्या जंतूचं नाव गुपचूप बदललं म्हणजे नवा खतरनाक जंतू आलाय, जुने रिपोर्ट बाद, आणि या गटातले सगळे धनुर्वातवाले म्हणून दहीसुद्धा बंद करा. मी ठाण्यात लॅबमध्ये रोज कल्चर, म्हणजे नमुन्यातून वाढवलेले जंतू, बघते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

गुपचूप काही झालेलं नाही हो. 2016 मध्ये रीतसर पेपर छापून क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हे नाव दिलं. जंतू तोच, 1935 मध्ये तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला तेव्हा तर त्याला बॅसिलस म्हणायचे. पूर्वी काडीसारखा आकार, आत बीजाणू आणि ऑक्सिजन सोसत नाही एवढं दिसलं की टाक क्लॉस्ट्रिडियममध्ये असं चालायचं, म्हणून त्या जीनसची, म्हणजे एका पहिल्या नावाखालच्या जंतूंच्या गटाची, पार अडगळीची खोली झालेली. मग आरएनएच्या जीनची अक्षरं जुळवून बघितली तेव्हा कळलं की यातले बरेच जण एकमेकांचे जवळचे नातेवाईकच नाहीत, आणि डिफिसिल तर दुसऱ्याच फॅमिलीतला (फॅमिली म्हणजे जीनसच्या वरचा गट). मधे 2013 ला पेप्टोक्लॉस्ट्रिडियम असं नाव सुचवलेलं, पण तसं केलं तर डॉक्टरांच्या तोंडी बसलेलं ‘सी. डिफ’ गेलं असतं, म्हणून मुद्दाम ‘सी’वरूनच नाव निवडलं. इतका विचार करून केलेल्या कामाला लपवाछपवी म्हणतात याचा मला खरंच राग येतो.

जुने रिपोर्ट बाद वगैरे काही नाही. हे जंतू ज्या बिनऑक्सिजनच्या जारमध्ये वाढवतो तो उघडला की आजही तोच तबेल्यासारखा वास, यूव्हीखाली प्लेटवर तीच पिवळट हिरवी चमक. नाव बदललं म्हणून टेस्ट किंवा औषध बदललेलं नाही.

आता सगळे धनुर्वातवाले हा मुद्दा. धनुर्वाताचा टेटनी आणि अन्नातून विषबाधा करणारा बोट्युलिनम हे क्लॉस्ट्रिडियम घातक आहेतच, पण फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा त्यांच्याच ऑर्डरमधला (ऑर्डर म्हणजे फॅमिलीच्याही वरचा मोठा गट) जंतू निरोगी माणसाच्या आतड्यात भरपूर असतो आणि क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमचा एक प्रकार जपानमध्ये औषध म्हणून देतात. या ऑर्डरला पुस्तकात क्लॉस्ट्रिडिएल्स आणि यूबॅक्टेरिएल्स अशी दोन नावं दिसतील, त्यात यूबॅक्टेरिएल्स 1917 चं, दुसरं 1953 चं, आणि नियमाने जुनं नाव धरतात, एवढंच.

दह्यातले जंतू तर लॅक्टोबॅसिलेल्स या वेगळ्याच ऑर्डरचे.

मावशीला सांगितलंय, दही-ताक चालू ठेव. आणि कुंड्यांची माती उकरतेस तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलेलं ते आजच बघ.