तारीख नको, मुदत हवी

व्हिएन्नातल्या जुन्या म्युनिसिपल इमारतींच्या भिंतींवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं: ही इमारत नगरपालिकेनं घरबांधणी कराच्या पैशातून अमुक साली बांधली. हा कर 1923 साली आला. आलिशान घरांवर जबर, कामगाराच्या खोलीवर नाममात्र. 1934 पर्यंत अशी 60 हजारांहून अधिक घरं उभी राहिली. आज शहराच्या मालकीची सुमारे 2 लाख 20 हजार भाड्याची घरं आहेत.

इथं बसून मी धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठीच्या पात्र-अपात्रतेच्या बातम्या वाचतो, तेव्हा जीव तुटतो. 1 जानेवारी 2000 पूर्वी तळमजल्यावर राहत असल्याचा पुरावा असेल, तर धारावीतच 350 चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतर, पण 2011 च्या आत आलेल्यांना अडीच लाख भरून 300 चौरस फूट, तेही धारावीबाहेर. माळ्यावरच्या लोकांनाही बाहेरच, भाडे-खरेदीवर, म्हणजे भाडं भरत भरत घर विकत घ्यायचं. म्हणजे एकाच लोखंडी शिडीच्या खालचं कुटुंब आत राहणार आणि वरचं जाणार. वरच्या बाईचं शिलाई मशीन खालच्या कारखान्याच्या कामावर चालतं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अट इथंही आहे. म्युनिसिपल घरासाठी शहरात किमान दोन वर्षांचा नोंदणीकृत रहिवास लागतो. युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेकांना दीर्घ वास्तव्याचा परवानाही लागतो, आणि ही अट मला जाचक वाटते. पण ती मुदत आहे, आज आलेला माणूस ती कधीतरी पुरी करू शकतो. 1 जानेवारी 2000 कुणालाही गाठता येत नाही. पंचवीस वर्षं घाम गाळणाराही तिच्या पलीकडचाच राहतो.

‘मुदत ठेवली तर लोंढे येतील’ असं मुंबईतले मित्र म्हणतात. लोक कामासाठी येतात, तारखा बघून नव्हे. व्हिएन्नाही वाढतंच आहे, 2023 मध्ये लोकसंख्या 20 लाखांवर गेली. ही वाढ ओळखूनच इथं बांधकाम कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनं नव्यानं निवासी ठरवलेल्या मोठ्या जमिनींवर दोन-तृतीयांश घरं अनुदानित असावीत असं ठरलं. मुंबईत मिठागरांची आणि कुर्ल्याच्या डेअरीची सरकारी जमीन धारावी प्रकल्पासाठी दिली जाते आहे. निदान त्या जमिनीवर तरी सरकारनं स्वतःच्या मालकीची, कधीच न विकायची भाड्याची घरं बांधावीत, आणि माळ्यावरच्यांना रांगेत पहिलं उभं करावं.