गाडीतला पंखा कोणाले लावला?

परवा भर मे महिन्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात लग्नाला गेलो, बायकोच्या नात्यातलं. मांडवाशेजारी गाडी लावली, किल्ली खिशात टाकली आणि बोनेटखाली पंखा सुरू झाला, घर्रर्र. बाजेवर बसलेले बायकोचे मावसमामा उठलेच.

"जवाईबापू, गाडी बंद करून द्या ना."

"बंदच आहे मामाजी."

"मंग हे काय वाजून रायलं?"

"पंखा."

मामाजींनी काचेला डोकं लावून आत पाहिलं, मागची सीटही पाहिली. "अंदर तं कोणीच नाही. कोणाले लावला?"

आता जावई माणूस, काय बोलणार. तरी सांगितलं, की हायवेवर समोरून वारा येतो तर रेडिएटर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी थंड करणारी समोरची जाळी, आपोआप थंड राहतो, पंख्याची गरजच नसते. गावात शिरलं की फर्स्ट-सेकंड गिअर, वारा नाही, वरून एसी, आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची गर्मी बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्याच पुढे बसवलेला, त्यालाही वारा लागतो. इंजिन बंद केलं की पाणी फिरवणारा पंप थांबतो पण लोखंडातली गर्मी जाणार कुठं, ते पाणी, म्हणजे कूलंट, गाडी बंद केल्यावरच थोडं आणखी तापतं, मग सेन्सर सांगतो आणि पंखा बॅटरीवर फिरतो. बऱ्याच गाड्यांत 95 ते 105 डिग्रीच्या मधात कुठंतरी तो लागतो आणि जरा उतरलं की थांबतो.

मामाजींनी सगळं ऐकलं. "म्हणजे पळून नाही तापली आन् उभी राहून तापली? बैल वखरात थकते का गोठ्यात?"

अख्खा मांडव हसला. नवरदेवसुद्धा.

मी बोनेट उघडलं, की बाबा दाखवूनच देऊ. तर मामाजी खांद्यावरच्या उपरण्यासकट आत वाकले, पंखा फिरतोय, उपरण्याचं टोक लोंबतंय, आणि हात सरळ रेडिएटरच्या झाकणावर. "वाफ काढून द्या तिची." ते झाकण गरम गाडीत उघडायचं नसतं हो! आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल झालं की एकदम उकळून तोंडावर येतं. मी त्यांचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं.

मांडव चिडीचूप. मागून एक बाई म्हणाली, "जवायानं हात धरला वो मामाचा."

नेमका तेव्हाच पंखा थांबला. मामाजींनी हात सोडवून घेतला, उपरणं झटकलं आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "पाहा, म्या हात लावला तं बंद झाला."

वरून एक ट्रॅक्टरवालं पोरगं सल्ला द्यायला आलंच, "भाऊ, थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या इकडल्या उन्हात त्याचं काय काम, आन् पंखा डायरेक्ट, कायम चालू करून घ्या." हे इकडं खूप चालतं आणि डोकं फिरतं माझं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, ती काढली की इंजिन थंडीच्या दिवसांत नीट तापतच नाही, इंधन जास्त पितं. त्यात कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी भरायचं, रेडिएटरमध्ये क्षार बसू द्यायचे आणि मग म्हणायचं कंपनीनं माल बेकार दिला. पुस्तिका तर डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून असते, वाचणाराच बावळट ठरतो.

काल सासऱ्यांचा फोन. मामाजी नाराज आहेत म्हणे, एक फोन करून टाका. बायकोही तेच म्हणते, मोठे आहेत, सॉरी म्हणून मोकळे व्हा.

कायले म्हणू? भाजले असते तर दवाखान्यात मीच नेलं असतं ना, याच गाडीत.