‘पगार घेतात, मग त्याग कसला?’ या मेसेजला उत्तर

पंधरा ऑगस्ट जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: सैनिकही पगार घेऊनच काम करतो, त्यात त्याग कसला? चाळिशीच्या आत निवृत्ती, जन्मभर पेन्शन, कॅन्टीनमध्ये स्वस्त माल, सरकारी नोकरीत राखीव जागा. जखमी झाला तर सगळं सरकार बघतं. आपण कर भरतो, तेवढी देशभक्ती पुरे. मेसेजचा सूर सभ्य असतो, म्हणून चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. मला तो जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर चुकीचा वाटतो.

पगार मिळतो, हे खरंच आहे. पण हिंजवडीतल्या इंजिनिअरला काम पटलं नाही तर तो राजीनामा देतो, बँकेतला कर्मचारी संपावर जातो. सैनिकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला दिला आहे. १९५०च्या लष्कर कायद्यानुसार त्याला संघटना करता येत नाही, आणि युद्धाच्या कामगिरीवरून पळून गेला तर शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या कोणत्या नोकरीच्या करारात असं कलम आहे? अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) शिकले आणि पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये दाखल झाले. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला, मागे यायला सांगितलं गेलं, तरी ते लढत राहिले आणि तिथेच हुतात्मा झाले. वय २१. सैन्यात अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. सहा महिन्यांच्या पगारात हा हिशोब कुणी बसवून दाखवावा.

‘लवकर निवृत्ती’ ही चैन असल्यासारखी सांगितली जाते. जवान लवकर घरी येतो, कारण सैन्याला तरुण शरीरं हवी असतात. निवड त्याची नसते. तो घरी येतो तेव्हा मुलं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि घर बहुधा बांधायचं असतं. ज्या वयात इतरांचा पगार वाढायला लागतो, त्या वयात याचा थांबतो. शिवाय पेन्शन सगळ्यांना मिळते हेही खरं नाही. जवानाला त्यासाठी साधारणपणे १५ वर्षांची सेवा लागते. शॉर्ट सर्व्हिसचे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घेतलेले अधिकारी दहा किंवा चौदा वर्षं काढून पेन्शनविना बाहेर पडतात. २०२२पासून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, बाकीचे चार वर्षांनी सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी.

आणि पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निवृत्तांच्या पेन्शनविषयीच्या नकारा खटल्यात स्वच्छ सांगितलं आहे. त्या घटनापीठाचे प्रमुख होते आपल्या पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड.

कॅन्टीनबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. सवलत आहे, तिला मर्यादाही आहे. साबण-तेलावर वाचलेल्या पैशांची तुलना कशाशी करतो आहोत, याचं तरी भान हवं.

राखीव जागांचं दुखणं मात्र खोल आहे. महाराष्ट्रात माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे, केंद्रात गट ‘क’मध्ये १० टक्के. कागदावर. प्रत्यक्षात भरलेल्या जागा त्याच्या जवळपासही नसतात. रणगाडा दुरुस्त करणाऱ्या किंवा सिग्नलचं काम केलेल्या माणसाचा अनुभव जाहिरातीतल्या पदविकेच्या रकान्यात बसत नाही. मग ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो. म्हणूनच दिघी, धानोरी, वानवडीतले कितीतरी निवृत्त हवालदार-नायक आपल्याच सोसायट्यांच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करतात. ज्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो, त्या ग्रुपच्या गेटवर.

आता ‘जखमींचं सरकार बघतं’. बघतं, पण किती उशिरा आणि कुणाचं? मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले. १९७२ साली त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षं हा माणूस आपल्यातच राहत होता. खडकवासल्याच्या एनडीएचंच दुसरं उदाहरण घ्या. ट्रेनिंगमध्ये मणका मोडून ‘बोर्ड आउट’ झालेल्या, म्हणजे वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्या कॅडेटला माजी सैनिक मानतच नसत, कारण तो अजून अधिकारी झालेला नसे. देशभरच्या अकादम्यांतून १९८५पासून अशी सुमारे ५०० मुलं बाहेर पडली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यांना ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार खुले झाले. त्यांतल्या काहींची ऐन उमेद तोवर पलंगावर सरली होती.

कर भरणं ही देशभक्तीच आहे, त्यावर वाद नाही. पण ‘तेवढी पुरे’ हे पुण्याच्या तोंडी शोभत नाही. घोरपडीजवळचं लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचं युद्धस्मारक १९९८ साली लोकवर्गणीतून उभं राहिलं, करातून नव्हे. खडकीत जखमी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज संस्था आहे, १९१७ साली मुंबईत सुरू होऊन नंतर इथे आलेली. तिथेच १९७४पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे, जिथे मणक्याला इजा झालेले जवान चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात, हात चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला कुणीही पैसे देऊ शकतं. ज्यांच्या हाती नोकऱ्या आहेत त्यांनी सैनिक कल्याण कार्यालयाकडे नावं मागावीत, गेटसाठी नव्हे, वर्कशॉपसाठी, स्टोअरसाठी, कंट्रोल रूमसाठी. हा मजकूर त्याच ग्रुपवर टाकतो आहे. खोडून काढायचा असेल तर मुद्दा घेऊन यावं, इमोजी नको.