तीन रंगाची गंगी

डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक व्हायच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला मॅडमनी सांगितलं की प्रत्येक ग्रुपनं पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एक सचित्र गोष्टीचं पुस्तक बनवायचं, आणि वर म्हणल्या "16 पानांचं तर आहे, मजा येईल बघा." ती मजा पुढं पाच आठवडे चालली. ग्रुप रोल नंबरप्रमाणं पाडलेले, त्यामुळं भांडायचीही सोय नव्हती. आमच्यात एक देवणीचा, एक कंधारचा, अंबाजोगाईच्या एक ताई (लग्न झालेल्या, तीन वर्षाचं पोरगं पदरात, आणि तरी आमच्यापेक्षा वेळेवर येणाऱ्या), हिंगोलीची एक पोरगी आणि औशाचा मी. लीडर मी झालो, म्हणजे लीडर कोण होणार म्हणल्यावर बाकीचे चौघं मोबाईल बघायला लागले आणि माझी तेवढी चार्जिंग संपलेली होती.

गोष्ट कँटीनमधी सुशीला, म्हणजे आमच्याकडचे चुरमुऱ्याचे पोहे, खाता खाता ठरली. गंगी नावाची गाय, तिच्या गळ्यातलं घुंगरू पडतं, गाय रानात हरवते आणि घरची लहान पोरगी तिला हुडकून आणते, संपलं. पण ताईंना गोष्टीत रेल्वे पायजे होती, कारण त्यांचं पोरगं रेल्वेशिवाय जेवत नाही. मी म्हणलं ताई, गाईच्या गोष्टीत रेल्वे कुठून आणू? तर म्हणल्या, "का? 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली नव्हती का? गंगी तहानेनं हरवली म्हण." आता ह्याला काय बोलणार, त्या रेल्वेच्या काळात मी सहावीत घागर घेऊन टँकरच्या लाईनीत उभा असायचो, त्यामुळं विरोध करायचा मला नैतिक अधिकारच नव्हता. रेल्वे आत आली. कंधारकरला भूत पायजे होतं, ते कसंबसं टाळलं. हिंगोलीच्या पोरीनं ग्रुपवर अंगठा टाकला. ती सगळ्यालाच अंगठा टाकायची.

खरं महाभारत चित्रांवरून झालं. चित्र काढता येणारे दोघंच, देवणीकर आणि कंधारकर. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देवणी ही गाईची जात, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आमच्या लातूर जिल्ह्याची शान. आणि लाल कंधारी ही दुसरी जात, नावाप्रमाणं गडद लाल, तिकडं नांदेड जिल्ह्याची शान. म्हणजे मॅडमनी रोल नंबर बघून ग्रुप पाडले नव्हते, जनावरांचा बाजार भरवला होता.

"गाय ठिपक्याचीच काढणार मी," देवणीकर म्हणला.

"तुझ्या गाईवर काय शाई सांडली का बे? लहान पोरांना लाल रंग आवडतोय."

"लाल काढायला ती काय यष्टी आहे का?"

ह्याच्यावर दोन मीटिंगा गेल्या. शेवटी मी लीडरशिप दाखवली आणि म्हणलं पहिली 8 पानं देवणीकर, पुढची 8 कंधारकर, आणि पुस्तकाच्या बरोब्बर मधी 8 आणि 9 अशी समोरासमोरची पानं येतात तिथं दोघांनी मिळून एक मोठ्ठी गाय काढा. हे "मिळून" म्हणणं माझ्या आयुष्यातली घोडचूक. त्यांनी मिळूनच काढली. आठव्या पानावर तोंड आणि पुढचे पाय, पांढरे, काळे ठिपके. नवव्या पानावर पोट, शेपटी आणि मागचे पाय, लालभडक. दोघंही आपापल्या होस्टेलच्या रूमवर बसून काढलालते, त्यामुळं पुढचे पाय चालायलेत आणि मागचे पाय बसायलेत असा प्रकार.

मुखपृष्ठ ताईंकडं होतं. त्यांनी गाईची आऊटलाईन मस्त काढली, रंग भरायला घेतला तेवढ्यात पोरगं रडायला लागलं आणि गाय कोरी राहिली ती राहिलीच. मी म्हणलं आता ही पांढरीफेक कशी चालंल? तर देवणीकर एकदम गंभीर होऊन म्हणला, "चालतंय की. देवणीत बाळंक्या म्हणून असती, ती आख्खी पांढरीच असती." म्हणजे गाय बदलली तरी देवणीच बदलली, ह्यात त्याला समाधान.

ताईंनी मग आम्हाला ऐकवलं की आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी आख्ख्या पासोडीवर, म्हणजे कापडावर, आकृत्यांसकट पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान, लिहून काढलं, आणि तुम्हाला एक गाय होईना. मी म्हणलं, ताई, दासोपंतांना ग्रुप नव्हता.

डीटीपीवाल्याकडं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवून छापून देणाऱ्याकडं, गेलो तेव्हा गोष्ट 18 पानं झाली होती. तो मान वर न करता म्हणला, "चारच्या पटीत बोला." आम्ही भावी शिक्षक एकमेकांकडं बघायलोत. मग त्यानं एक कागद घेतला, मधी दुमडला, ही झाली चार पानं म्हणला, असे कागद एकात एक घालून मधी पिन मारायची, आता 18 कसं करता करा. मॅडमनी 16 सांगितलेली, म्हणून दोन पानं उडवली आणि ती नेमकी रेल्वेची निघाली. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण अकराव्या पानावर मागं डोंगराच्या कडंनं रेल्वेचं चित्र तसंच राहिलं, गोष्टीत तिचं अवाक्षर नाही.

गोष्ट मी मोबाईलवर टाईप केलेली. त्याच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमधी पेस्ट केली तर आख्ख्या गोष्टीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तो म्हणला तुमचा फॉन्ट युनिकोड आहे, माझा श्रीलिपी आहे, तुमचा माझ्या पेजमेकरला कळत नाही. (मलाही कळलं नाही पण मी मान हलवली.) मग त्यानं सगळं परत टाईप केलं आणि एका ठिकाणी "गंगी"चं "गंजी" झालं, त्यामुळं सहाव्या पानावर गंजी कडबा खात होती. प्रूफ हिंगोलीकडं दिलं होतं. अंगठा आला होता.

चित्रांचे फोटो होस्टेलच्या ट्यूबलाईटखाली काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेले, तेही साधे, डॉक्युमेंट म्हणून नाही, त्यामुळं ते आधीच बारीक होऊन पोचले. छापून आल्यावर लाल कंधारी वांग्याच्या रंगाची झाली. कंधारकर दुकानातच खाली बसला. दुकानदार म्हणला, "सर, स्क्रीनवर उजेड असतोय, कागदावर शाई असती." आणि त्यानं मधी दोन पिना मारल्या, खट खट, बरोबर गंगीच्या पोटात, जिथं देवणी संपून कंधारी चालू होते तिथंच.

इंटर्नशिपला जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गात पुस्तक वाचायला घेतलं. पोरं पुस्तकावर तुटून पडली. मी सुरात वाचायलो, "गंगी कुठं गेली असंल बरं?" तर पुढं बसलेलं एक बारकं पोरगं मुखपृष्ठ उलटून, पाचवं पान बघून, बारावं पान बघून म्हणलं, "सर, कोणती? ह्या तीन हायत."

मी गडबडीनं मधलं पान उघडलं. शांतता झाली. मग एका पोरीनं हळूच पिनेवर बोट ठेवलं, फ्रॉक वर करून गुडघ्यावरची टाक्याची खूण दाखवली आणि बाकीच्यांना समजावून सांगितलं, "हिला टाके घातलेत. दोन गाई तुटल्या होत्या, मग जोडल्या." सगळ्या वर्गाला पटलं. एकानं विचारलं दुखलं असंल का, दुसरा म्हणला भूल देतेत की. गोष्ट कुठल्या कुठं गेली, पुढचा अर्धा तास गंगीच्या ऑपरेशनवर चर्चा. फक्त अकराव्या पानाला थांबले, रेल्वे कुठं चालली म्हणून. ताई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्या उठून पुढं आल्या आणि उडवलेली दोन्ही पानं त्यांनी तोंडपाठ सांगितली.

मॅडमनी शेवटी विचारलं की गाय तीन रंगाची का, तर देवणीकर आणि कंधारकर पाच आठवड्यात पहिल्यांदा एका सुरात म्हणले, "मॅडम, संकल्पना आहे." नावीन्याला 10 पैकी 8 पडले.

6 प्रतींचे 780 रुपये झाले, माणशी 156. हिंगोलीचे अजून यायचेत. ग्रुपवर मागितले की अंगठा येतो.