430 की 500? एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार काका,

पिंपरीत इंजिन शॉपमध्ये 31 वर्षं काढल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?

जुन्या अमेरिकन जोरदार इंजिनांच्या गाड्यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आहेच, पण तितकं खाली कोणी जात नाही, म्हणून तिचा गाभा आधी इथे देतो. तुमचे आक्षेप तीन. शेवरोले कंपनीने तिच्या 427 इंजिनाचे 430 एचपी छापलेले असताना मी ‘खरे 500च्या वर’ असं लिहिलं, ही भक्तांनी घातलेली भर; कुठला कारखाना स्वतःचा माल कमी करून सांगेल? दुसरा, ‘फक्त 69 बनल्या’ वगैरे आकडे लिलाववाल्यांनी भाव चढवायला काढलेले. आणि तिसरा, जे कमी ते भारी हा सोनाराचा हिशेब आहे, इंजिनाला तो लावू नये.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझी चूकही तिथेच आहे. मी लिहिलं होतं की शेवरोलेने 1969 साली कॅमारो झेडएल-1 ‘मुद्दाम 69च’ काढल्या. हे साफ चुकलं. मुद्दाम काहीच नव्हतं. खरी हकिकत जास्त मजेशीर आहे आणि ती तुमच्याच बाजूने जाते.

शेवरोलेची मालक जनरल मोटर्स. तिचा तेव्हा नियम होता की कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स गाडी सोडली तर मध्यम आणि लहान गाड्यांत 400 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यामुळे कॅमारोच्या यादीत सगळ्यात मोठं इंजिन 396चं. पण ऑर्डर घेण्याची आणखी एक खिडकी होती, तिचं नाव कोपो. टॅक्सीवाले, पोलीस खातं, ट्रकांचा ताफा वेगळ्या रंगात मागणारी कंपनी, अशा घाऊक गिऱ्हाइकांच्या खास मागण्या या खिडकीतून जायच्या. शेवरोलेच्या विन्स पिगिन्सने याच खिडकीतून 427चं इंजिन कॅमारोत घुसवायची वाट काढली. टॅक्सीच्या फॉर्मवर रेसची गाडी! आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत मुरलेल्या माणसाला या युक्तीचं कौतुक वाटेल.

इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचं छोटंसं गाव आहे. तिथला डीलर फ्रेड गिब याला ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतींचा नाद. त्या स्पर्धांची संस्था एनएचआरए, तिची अट होती की गाडी ‘कारखान्याची’ म्हणून उतरवायची तर निदान 50 बनलेल्या हव्यात. गिबने एकट्याने 50ची ऑर्डर दिली. इंजिन होतं झेडएल-1, म्हणजे ब्लॉकसकट सगळं ॲल्युमिनियमचं 427, सिलिंडरला बिडाचे लाइनर, मूळ कॅनडा-अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींसाठी केलेलं. वजन साध्या छोट्या व्ही-8च्या (आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या) जवळपास. गिबला वाटलं होतं की गाडी पाच हजार डॉलरच्या आत पडेल. बिल आलं प्रत्येकी 7,200 डॉलरच्या आसपास. साधी व्ही-8 कॅमारो तेव्हा सुमारे 2,700 डॉलरला मिळायची आणि एकट्या इंजिनाचा जादा आकार होता 4,160 डॉलर. इंजिनाच्या पैशात दीड गाडी आली असती! गावातला कुठला पोरगा घेणार? गिबने बहुतेक गाड्या कंपनीला परत केल्या, कंपनीने त्या इतर डीलरांच्या गळ्यात मारल्या. बाकीच्या डीलरांनी आपापल्या मागवलेल्या 19 धरून एकूण 69. त्यातल्या काही पुढे दोन-तीन वर्षं शोरूममध्ये धूळ खात पडल्या होत्या.

तेव्हा ‘दुर्मीळ’चा अर्थ इथे एवढाच की माल उठला नाही.

फोर्डच्या बॉस 429 या इंजिनाची गोष्टही अशीच. फोर्डला नास्कार या अमेरिकन शर्यतमालिकेत हे इंजिन चालवायचं होतं, त्यासाठी ते निदान 500 गाड्यांत बसवून विकणं भाग होतं. शर्यतीत पळाली फोर्डची टोरिनो टॅलाडेगा, इंजिन बसवून विकली मात्र फोर्डचीच मस्टँग. मस्टँगच्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून मिशिगनमध्ये ब्रायटनला कार क्राफ्टच्या शेडमध्ये सस्पेन्शनचे टॉवर बदलून, बॅटरी डिकीत हलवून ते कोंबलं. 1969 आणि 1970 मिळून 1,358 निघाल्या. हेडचे पोर्ट (हवा-इंधन आत जाण्याच्या वाटा) शर्यतीच्या मापाचे अवाढव्य, वर कार्ब्युरेटर त्या मानाने किरकोळ. सिग्नलवरून सुटताना त्याच मस्टँगमधलं स्वस्तातलं 428 कोब्रा जेट याच्या तोंडाला फेस आणायचं. आज मात्र किमतीत बॉस कितीतरी पुढे. सोनाराचा हिशेब म्हणालात तो हाच, मान्य.

आता एचपीचं. इथे मात्र मी माघार घेणार नाही.

कारखाना स्वतःचा माल कमी करून कशाला सांगेल? 1967च्या कॉर्व्हेटची किंमतपत्रिका बघा. एल-71 हे 427चं इंजिन, 435 एचपी, जादा आकार 437 डॉलर. त्याच यादीत एल-88, तेही 427च, 430 एचपी, जादा आकार 948 डॉलर. दुपटीहून जास्त पैसे मोजून 5 एचपी कमी घ्यायचे! कुठला शहाणा घेईल? शेवरोलेला नेमकं हेच हवं होतं. शर्यतीत उतरणाऱ्यांनी घ्यावं, रविवारी फिरायला जाणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. एल-88 घेतलंत की रेडिओ नाही, हीटर नाही. कॉम्प्रेशन 12.5. गाडीत स्टिकर होता की किमान 103 रिसर्च ऑक्टेनचं (पेट्रोलचा दर्जा सांगणारा आकडा) पेट्रोल घाला, नाहीतर इंजिनाची वाट लागेल. भारतातल्या पंपांवरचं साधं पेट्रोल बरीच वर्षं 91चं असायचं, म्हणजे कल्पना करा. 1967 साली अशा 20 कॉर्व्हेट निघाल्या.

आणि 430 हा आकडा खोटा नव्हता, काका. यातली गोम तुमच्या लगेच लक्षात येईल. तो 5,200 आरपीएमवरचा आकडा. एल-71चा 435 हा 5,800वरचा. एल-88चा कॅम आणि हेड अशा मापाचे की हे इंजिन 6,000च्या पुढेही ओढत राहतं. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) काटा चढत असताना मधेच वाचन घेऊन थांबायचं आणि तेच छापायचं. लेखापरीक्षकाच्या भाषेत, आकडा बरोबर, निवड सोयीची. झेडएल-1लाही हाच 430 चिकटवला. नंतर लोकांनी ही इंजिनं डायनोवर लावली तेव्हा 500 सहज ओलांडले, त्यात भक्तीचा संबंध नाही.

असं करण्यामागे विमा होता (छापील एचपी जास्त तर हप्ता जास्त), आणि शर्यतीचे गटही होते. ड्रॅग रेसिंगमध्ये गाडीचं वजन भागिले छापील एचपी, यावरून गट ठरायचा. छापील आकडा जेवढा कमी, तेवढा गट सोपा. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक या कंपनीचं उदाहरण तर तुम्हाला फारच आवडेल. जनरल मोटर्समध्ये गाडीच्या 10 पौंड वजनामागे जास्तीत जास्त 1 एचपी असा एक दंडक होता (शेवरोलेने कॅमारोत तो फारसा मनावर घेतला नाही, 396ला बिनदिक्कत 375 छापले). 1967च्या फायरबर्डमध्ये जीटीओ या आपल्याच दुसऱ्या गाडीचं 400चं इंजिन बसवताना पाँटिॲकला 325च्या वर जाता येईना. मग त्यांनी काय करावं? कार्ब्युरेटरच्या लिंकेजवर पत्र्याची एक छोटी पट्टी लावली, ज्याने मागचे दोन बॅरल (हवा आत घेणाऱ्या नळ्या) पूर्ण उघडणार नाहीत. झाले 325. गाडी घेणारा घरी जाऊन पकडीने ती पट्टी वाकवायचा, की परत जीटीओ. कारखान्याने पाठवलेला हा मिस्त्रीसाठीचा निरोपच म्हणा ना.

एक गोष्ट मात्र तुमच्या पदरात टाकायला हवी. ते सगळे आकडे ‘ग्रॉस’ आहेत, म्हणजे पंखा, एअर क्लीनर, गाडीचा एक्झॉस्ट यांतलं काहीही न लावता स्टँडवरच्या उघड्या इंजिनाचे. 1972पासून नेट, म्हणजे हे सगळं लावून मोजलेले आकडे छापायला लागले आणि एका वर्षात सगळ्या गाड्या कागदावर दुबळ्या झाल्या. त्यामुळे माझे ‘500’ आजच्या गाडीच्या 500शी लावून बघू नका. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

राहिला आकड्यांच्या खरेपणाचा मुद्दा. इथे सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीची दप्तरं वेगळी.

क्रायस्लरचं काम सोपं. गाडीच्या क्रमांकातलं पाचवं अक्षर म्हणजे इंजिन. 1970-71च्या गाड्यांत तिथे आर असेल तर 426 हेमी, म्हणजे क्रायस्लरचं नावाजलेलं मोठं इंजिन. शिवाय फेंडरच्या पट्टीवर ई-74 आणि नशीब असेल तर मागच्या सीटच्या स्प्रिंगात अडकलेला जोडणीचा कागद. 1971च्या उघड्या टपाच्या हेमी कुडा (हेमी इंजिनाच्या कुडा गाड्या) 11 बनल्या म्हणतात ते अशा पुराव्यांवर. त्यातली एक 2014 साली 35 लाख डॉलरला गेली. फोर्डमध्येही पाचवं अक्षर बोलतं, बॉस 429ला ते झेड, आणि कंपनीच्या नोंदींवरून दाखला काढून देणारा केव्हिन मार्टी आहेच. पाँटिॲकची मूळ बिलं मिळतात. 1973चं 455 सुपर ड्यूटी इंजिन फायरबर्डच्या 252 ट्रान्स ॲम आणि 43 फॉर्म्युला गाड्यांत गेलं, हे छातीठोकपणे सांगता येतं. (बाकी सगळ्यांनी कॉम्प्रेशन उतरवून हात टेकले होते तेव्हा पाँटिॲकने हे इंजिन काढलं. माझा जीव या इंजिनावर आहे, पण तो विषय वेगळा.)

घोळ आहे तो शेवरोलेचा. 1971पर्यंत त्यांच्या क्रमांकात एवढंच कळतं की सहा सिलिंडर की व्ही-8. कुठलं व्ही-8, तिथे मौन. झेडएल-1चे 69 पक्के आहेत. पण त्याच कॅमारोत कोपोमधून बिडाचं 427 आलं, त्याचा 1,015 हा आकडा सगळीकडे फिरतो, तो गाड्यांचा नाहीच. तो इंजिनांचा आहे. हाताच्या गिअरवाली 822 आणि ऑटोमॅटिकवाली 193, त्यांची बेरीज. जाहिरातीत ‘1,015 गाड्यांपैकी एक’ असं वाचलं की तुम्ही नाक मुरडलंत तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

आणि जिथे दप्तर मुकं, तिथे पंच (धातूवर आकडे ठोकायचा ठसा) फिरतो. शेवरोलेच्या ब्लॉकवर उजव्या हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते, तिच्यावर इंजिनाचा कोड आणि 1968पासून गाडीच्या क्रमांकाचा तुकडा ठोकलेला असतो. कुठलंही बिग ब्लॉक (शेवरोलेचं मोठ्या आकाराचं व्ही-8) घ्यायचं, पट्टी घासायची, हवे ते आकडे ठोकायचे, गाडीची किंमत रातोरात तिप्पट. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर हजारो जुन्या गाड्या फिरतात. दोन वर्षांपूर्वी तिथे एका ओळखीच्या गृहस्थांनी नुकतीच घेतलेली ‘मूळ इंजिनाची’ शेवेल (शेवरोलेचीच गाडी) अभिमानाने दाखवली. सोबतच्या म्हाताऱ्या मशिनिस्टने गाडीला प्रदक्षिणा घातली नाही, सीटवर बसला नाही. खिशातून टॉर्च काढली, पट्टीवर तिरपा उजेड टाकला आणि बॉनेट हळूच लावून टाकलं. कारखान्यात ब्लॉकचा तो पृष्ठभाग ब्रोचिंग मशीनवर (लांब दातेरी हत्यार सरळ ओढून धातू कापणाऱ्या) निघतो, त्याच्या बारीक समांतर रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात. इथे रेघा गोल होत्या. कोणीतरी ग्राइंडर फिरवला होता. गाडीच्या मालकाला तिथे कोणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि ते मला अजून टोचतं.

तर लिलावातल्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवू नका हे तुमचं म्हणणं रास्त, पण सगळेच आकडे त्यांच्या खिशातून आलेले नाहीत. ‘मुद्दाम 69च’ हे वाक्य मी मूळ लेखात आज दुरुस्त केलं आहे, ग्रॉस-नेटची ओळही घातली आहे.

जाता जाता एक विचारायचं राहिलं. शेवरोलेत कोड इंजिनाच्या कारखान्यात ठोकायचे आणि गाडीच्या क्रमांकाचा तुकडा नंतर गाडी जोडणाऱ्या कारखान्यात, म्हणून दोन्हींचे पंच वेगळे, कधी ओळही वाकडी. तुमच्या शॉपमध्ये नंबर कोण ठोकायचं? ब्लॉक मशीनवरून उतरल्यावर की टेस्टिंग झाल्यावर? आणि हाताने हातोडीवर, की फिक्स्चरमध्ये? सवडीने लिहा.