बोंड फोडून दाखवायचे नसेल तर व्हिडिओ करायचा कशाला?

आज दुपारी आलेला एक ईमेल वाचल्यापासून माझे कामात लक्ष लागत नाही. कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या गुलाबी बोंडअळीवरचे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावे म्हणून एका खासगी प्रतिष्ठानासाठी आम्ही मराठीत व्हिडिओ केला. त्यावर कळवण्यात आले आहे की, सुरुवातीला अध्यक्षांचे मनोगत आणि विश्वस्तांचा परिचय घ्यावा, आणि लांबी वाढू नये म्हणून हिरवे बोंड फोडून दाखवण्याचा भाग काढून टाकावा.

नेमका तोच भाग! तो काढला तर उरते काय?

सावनेर तालुक्यात माझे मोठे काका कापूस घेतात. कुठल्याही व्हिडिओचे कच्चे संकलन मी आधी त्यांना दाखवतो. या वेळीही धुऱ्यावर बसून त्यांनी ते मोबाइलवर पाहिले, आलेख पाहिले, टक्केवारी ऐकली, आणि मग विचारले, "बाहेरून तं बोंड चांगलंच दिसते. मंग अळी आत गेली कोठून?"

ज्या तरुण संशोधिकेच्या मार्गदर्शनाखाली आम्ही काम करत होतो, तिला मी हा प्रश्न सांगितला तेव्हा तिचा चेहरा उजळला. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी इतकी बारीक असते की ती कोवळ्या बोंडात शिरल्यावर मागचे छिद्र बुजून जाते. नुकसान कळते ते बोंड उमलल्यावर, किडलेली सरकी आणि डागाळलेला कापूस हातात आल्यावर. म्हणून तर एकरातली वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहायची असतात. त्यांतल्या 2 बोंडांत अळी सापडली तर प्रादुर्भाव 10 टक्के झाला आणि फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली, असे समजायचे. हे तिने स्वतः वावरात उभे राहून, बोटांनी बोंड उकलून कॅमेऱ्यासमोर दाखवले. उन्हात तिने एकदाही कुरकुर केली नाही. तिचे ते श्रम आज एका ओळीच्या सूचनेत रद्द होतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

संस्थेचा पैसा आहे, संस्थेचे नाव लागणार आहे, हे मला मान्य आहे. पण पाहणारा कोण आहे? अळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये असे विष बनवणाऱ्या दोन जनुकांचे वाण आले, आणि तरीही 2017 च्या हंगामात विदर्भातल्या पऱ्हाटीची या अळीने काय अवस्था केली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ही अळी जवळजवळ केवळ कापसावरच जगते, त्यामुळे बीटीच्या विषाला ती लवकर सरावली. तसे होऊ नये म्हणून लावायच्या बिगर बीटीच्या ओळी लावल्या गेल्या नाहीत, फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही उभा कापूस ठेवल्यामुळे तिला पुढेही खाद्य मिळत राहिले. यातले एकही कारण शेतकऱ्याच्या आकलनापलीकडचे नाही. फक्त ते त्याच्यासमोर नीट मांडले गेले पाहिजे, आणि तसे मांडायला मनोगत उपयोगी पडत नाही.

आपल्या नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रस्त्यावर मृद सर्वेक्षण आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी तर 1958 पासून आहे. एवढे संशोधन या एका शहरात होते आणि त्यातले बहुतेक इंग्रजी शोधनिबंधांत राहते. व्हिडिओने संशोधन पूर्ण समजत नाही, असे काही प्राध्यापक मित्र म्हणतात, आणि ते खरेही आहे. मात्र काकांना शोधनिबंध समजून घ्यायचा नाही. आपल्या बोंडात आज अळी आहे की नाही, एवढे त्यांना पाहायचे आहे. सुधारलेला व्हिडिओ पाहिल्यावर ते उठले, समोरच्या ओळीत गेले आणि एक बोंड फोडून पाहिले. आमच्या कामाची याहून मोठी परीक्षा मला ठाऊक नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ज्यांनी तो ईमेल पाठवला त्या बाईंनाही वरून कोणीतरी सांगितले असेल, आणि विश्वस्तांचा सन्मान राखणे हे त्यांचे कामच आहे. त्यांच्याशी माझे वैर नाही. पण मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले तर काय करायचे, हे सांगायला ज्या व्हिडिओत आम्ही एकेक सेकंद वाचवला, त्याच्या तोंडाशी परिचयाची लांबलचक यादी लावायला मी तयार नाही. मोबाइलवर पाहणारा माणूस तिथेच व्हिडिओ बंद करतो, आणि त्यात त्याची काहीही चूक नसते.

मी उत्तर पाठवले आहे. अध्यक्षांच्या मनोगताचा स्वतंत्र व्हिडिओ मी विनामूल्य करून देईन, तो त्यांनी वार्षिक सभेत अवश्य दाखवावा. विश्वस्तांची नावे शेवटच्या पाटीवर आदराने येतील. बोंडाचा भाग मात्र निघणार नाही. तो काढायचाच असेल तर माझे नाव काढावे आणि उरलेले मानधनही देऊ नये. पेरण्या आटोपल्या आहेत, पात्या आणि फुले लागायला फार अवकाश नाही, त्यामुळे या आठवड्यातच निर्णय कळवावा अशी विनंती केली आहे. तुमच्यापैकी जे कुणी संशोधन संस्थांत आहेत, त्यांनी अशा व्हिडिओची संहिता समितीपुढे ठेवण्याआधी ती ज्याच्यासाठी आहे अशा एखाद्या माणसाला वाचून दाखवावी आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न लिहून घ्यावा.